मनगट, कोपर आणि टेबलाची उंची : दिवसभर टायपिंग करणाऱ्यांनो, जरा वाचा (अनुभव + एक प्रश्न)

निळीशाई | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. हा धागा काढायचं चार महिने डोक्यात होतं पण टाइप करायलाच हात धजत नव्हता. आता बरं आहे म्हणून बसलेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या, कारण मला जे फार उशिरा कळलं ते इथल्या कुणालातरी वेळेत कळावं असं मनापासून वाटतं.

मी भांडुपला राहते, घरूनच काम करते. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून मराठी मजकूर टाइप करायचा आणि सबटायटल्स. रोजचे आठ तास धरा, डेडलाइन असली की दहा-अकरा. लॉकडाउनमध्ये डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडला तो तिथेच राहिला, वन बीएचकेमध्ये दुसरी जागा कुठे असते.

सुरुवात झाली ती रात्री. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट झोपेत बधीर व्हायचं, मुंग्या यायच्या, मी उठून हात झटकायचे, दोन मिनिटांत बरं वाटायचं आणि परत झोपायचे. घरचे म्हणाले हात अंगाखाली आला असेल. मलाही तेच पटलं. दोन महिने असे गेले. मग डाव्या हाताची करंगळी दुखायला लागली, बाहेरच्या बाजूने कोपरापर्यंत ओढ. मग एका सकाळी चहा गाळताना सांडशीची पकड सुटली आणि पातेलं ओट्यावर आडवं झालं. मुलगी बाजूलाच उभी होती. चहा तिच्या अंगावर उडाला नाही, पण त्या दिवशी मी खरी घाबरले.

जवळच्या डॉक्टरांनी दोनदा पेनकिलर दिल्या. गोळी असेपर्यंत बरं वाटायचं आणि बरं वाटलं की मी जास्त टाइप करायचे, म्हणजे उलटंच झालं. शेवटी मावसबहिणीने ओढत महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे नस नीट काम करतेय का ते बघायची टेस्ट झाली, उजव्या मनगटात नस दाबली जातेय, कार्पल टनेल, पण सुरुवातीची पायरी. थायरॉइड आणि शुगर पण तपासली, दोन्ही ठीक निघाली.

आता मुख्य गोष्ट. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं त्रास न होता कशी करायची ते शिकवतात त्या विभागाच्या) मॅडमनी मला गोळ्यांबद्दल काही विचारलंच नाही, म्हणाल्या तुम्ही काम करताना बाजूने कुणाकडून तरी फोटो काढून आणा, मुद्दाम सरळ बसू नका. नवऱ्याने माझ्या नकळत काढला. तो फोटो बघून मला माझीच दया आली. खांदे कानाला टेकायला आलेले, मान पुढे काढलेली, कोपरं हवेत, आणि दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर मोडल्यासारखी वाकलेली. मनगटावर त्या कडेची लाल रेघ उठलेली फोटोत दिसत होती! रोज संध्याकाळी ती रेघ असायची, मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्यांनी एक माप घ्यायला सांगितलं. खुर्चीत नीट मागे टेकून बसायचं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, खांदे सैल, हात बाजूला सोडून कोपरात काटकोन करायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजायचं. शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली. माझी उंची पाच फूट एक इंच. कोपर आलं २४ इंचांवर. आणि डायनिंग टेबल ३० इंच!! त्यावर कीबोर्डची जाडी वेगळी. म्हणजे सहा-सात इंच जास्त उंचीवर मी पाच वर्षं हात उचलून धरले होते. ऑफिसची तयार टेबलंसुद्धा साधारण २९-३० इंचांचीच येतात, उंच पुरुषाला ती कशीबशी चालतात, आपल्याकडच्या बहुतेक बायकांना नाही.

मी काय काय केलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात पैसे नव्हते म्हणून खुर्ची पूर्ण वर घेतली, पाय लोंबायला लागले, तर खाली दोन पाट ठेवले एकावर एक, मध्ये रबरी मॅट घातली नाहीतर सरकतात. पाय लोंबकळले तर मांडीखाली खुर्चीची कड रुतते आणि कंबर पण जाते, त्यामुळे खुर्ची वर घ्याल तर पायाखाली काहीतरी हवंच. लॅपटॉप उचलून जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवला, स्क्रीनची वरची कड डोळ्यासमोर आली आणि साधा वायरवाला कीबोर्ड आणि माउस वेगळा आणला, दोन्ही मिळून हजाराच्या आत. लॅपटॉपचा घोळच असा आहे की स्क्रीन बरोबर उंचीवर घेतली तर कीबोर्ड वर जातो आणि कीबोर्ड बरोबर ठेवला तर मान खाली जाते. एक तरी वेगळं करावंच लागतं. कमरेमागे पंच्याची गुंडाळी. कीबोर्डच्या मागचे दोन पाय आपण सवयीने उघडतो ना, ते मिटवले, त्याने मनगट उगाच वर वळतं.

दोन महिन्यांनी पैसे आल्यावर चाळीतल्या सुतारकाकांकडून दिराच्या जुन्या स्टडी टेबलाचे पाय सहा इंच कापून घेतले. पुढचा ड्रॉवर मांडीला लागत होता तो काढून टाकला. काका म्हणाले एवढं बुटकं कशाला करताय लहान मुलांसारखं. बसून दाखवल्यावर त्यांना कळलं, आणि कड गोल करून द्यायची ही त्यांचीच कल्पना.

उजवा हात आता जवळजवळ शांत आहे. रात्री मनगटाचा स्प्लिंट (मनगट सरळ धरून ठेवणारा पट्टा) लावते. डाव्या हाताचं मात्र अजून जमत नाहीये आणि तोच माझा प्रश्न आहे. मी इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कीबोर्डची एक मांडणी) टाइप करते. इथे मराठीत दिवसभर टाइप करणारं आणखी कोण आहे? तुमची डावी करंगळी दुखते का?


लालबागकर | सोमवार, रात्री ११:१५

ताई, नीट लिहिलंत. फोटोची आयडिया फार आवडली, उद्याच कलीगला काढायला सांगतो.

मी अकाउंट्सला आहे, फोर्टमध्ये, दिवसभर टॅली आणि एक्सेल. माझं दुखणं उजव्या खांद्याचं आणि कोपराच्या बाहेरच्या हाडाचं. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो, मी म्हटलं आयुष्यात कॅरमशिवाय काही खेळलो नाही. मार्च एंडला सगळ्यात वाईट असतं, हात वर करून लोकलची कडी धरवत नाही.


हातगुण | मंगळवार, सकाळी ७:०५

निळीशाई, तुम्ही खूप महत्त्वाचं लिहिलंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हाताचेच पेशंट जास्त बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तपासल्याशिवाय कुणाचं निदान करणार नाही, ते आधीच सांगते.

आधी कुठलं बोट ते बघा, त्यावरून बरंच कळतं. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची एक खोलगट पन्हळ असते आणि तिच्यावर जाड पट्टा ताणलेला असतो. त्या बोगद्यातून बोटं मिटवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते, मीडियन नर्व्ह. जागा तेवढीच. मनगट वर किंवा खाली वाकलं की आतला दाब वाढतो, स्नायुबंधांना सूज आली की अजून वाढतो, आणि त्या गर्दीत बिचारी नस चेपली जाते. ती नस अंगठा, पहिलं, मधलं आणि अर्ध्या अनामिकेला संवेदना देते. झोपेत आपण मनगट मुडपतो म्हणून रात्री मुंग्या येतात आणि हात झटकला की बरं वाटतं. ही जवळजवळ ओळखीची खूण आहे. स्प्लिंट रात्री लावायचा तो याचसाठी, मनगट सरळ राहावं म्हणून, घट्ट आवळायचा नाही.

करंगळीची नस वेगळी. ती कोपराच्या मागून जाते, कोपर दाराला आपटलं की झिणझिण्या येतात ना, तीच. कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसणं, फोन कानाला लावून तासभर बोलणं, हात उशीखाली दुमडून झोपणं, यांनी ती ताणली जाते. करंगळीत बधिरपणा असेल तर रात्री कोपराभोवती जुना टॉवेल सैल गुंडाळून झोपून बघा, कोपर पूर्ण वाकत नाही.

पण निळीशाई, तुम्ही बधिरपणा म्हणत नाही आहात, दुखणं आणि ओढ म्हणताय. ते करंगळीच्या स्नायूंवरचा ताण असू शकतो. तुम्ही शिफ्ट कुठल्या हाताने दाबता?

लालबागकर, तुमचा नंबर पॅड उजवीकडे आहे आणि त्याच्याही पलीकडे माउस. म्हणजे माउस धरायला हात खांद्यापासून बाहेर जातो आणि दिवसभर तिथेच लटकतो. एकतर माउस डाव्या हाताने वापरायला शिका, पंधरा दिवस चिडचिड होईल, मग बसतं, विंडोजच्या सेटिंगमध्ये बटणं उलटी करता येतात. म्हणजे आकडे उजवीकडे आणि माउस डावीकडे, काम वाटलं जातं. ते जमत नसेल तर नंबर पॅड वेगळा मिळतो आणि कीबोर्ड बिननंबरचा छोटा, माउस आपोआप जवळ येतो. माउस मनगटाने नाही, कोपरापासून हलवायचा, आणि हलका धरायचा. बरेच जण लिंबू पिळल्यासारखा धरतात.

एक कळकळीची विनंती, ज्यांना वस्तू हातातून पडायला लागल्यात, बधिरपणा दिवसाही जात नाहीये, किंवा अंगठ्याखालचा तळहाताचा उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसतोय त्यांनी टेबलाची उंची वगैरे नंतर करा, आधी डॉक्टर गाठा. नस फार काळ चेपलेली राहिली तर स्नायू सुकतो आणि मग तो पूर्ण परत येईलच असं नाही.


चौथीसीट | मंगळवार, सकाळी ८:५२

बदलापूर फास्टमध्ये वाचतोय, आणि तेही उजव्या अंगठ्याने स्क्रोल करत!! माझं अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, मनगटाच्या कडेला, बाटलीचं झाकण उघडताना तर जीवच जातो. कॉम्प्युटरवर तर मी तीन-चारच तास असतो. ही पण तीच भानगड का?


हातगुण | मंगळवार, दुपारी १:३०

चौथीसीट, जागा सांगताय त्यावरून अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन स्नायुबंधांच्या म्यानाला सूज असावी असं वाटतं. त्याला डी क्वेर्वेन म्हणतात, त्या नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्यावर लिहिलं होतं, म्हणजे मोबाइलच्या शंभर वर्षं आधी. तान्ह्या बाळांच्या आयांना फार होतं, काखेत हात घालून बाळ उचलताना अंगठा ताणला जातो म्हणून. आता मोबाइलवाले येतात. गर्दीत एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्याच हातात मोठा फोन, तोच अंगठा स्क्रीनच्या टोकापर्यंत ताणायचा, रोजचे दोन-अडीच तास, हे थोडं नाही. गाडीत निदान महिनाभर ऐकायचं काहीतरी लावा, वाचू नका. आणि अंगठा मुठीत घालून मनगट खाली वाकवायची टेस्ट लोक यूट्यूबवर बघून दिवसातून दहा वेळा करतात, कृपा करून करू नका, सुजलेल्या जागेला तुम्हीच ताण देताय. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर दाखवा.


चौथीसीट | मंगळवार, दुपारी १:४१

धन्यवाद मॅडम. फोन खिशात टाकला.


निळीशाई | मंगळवार, दुपारी ३:१०

हातगुण, तुम्ही शिफ्टचं विचारलंत आणि मी दुपारभर माझ्याच हाताकडे बघत बसले. डाव्या. सगळं डाव्या शिफ्टने!

ज्यांना इनस्क्रिप्ट माहीत नाही त्यांच्यासाठी, यात काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि पाय मोडायचं चिन्ह हे सगळं डाव्या हाताला आहे आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, आणि ळ, श, ष, ण सगळ्यांना शिफ्ट लागतो. स्वतंत्र स्वर अ आ इ ई त्यांनाही शिफ्ट. उजव्या हाताच्या अक्षराला डावा शिफ्ट ठीक आहे, पण ण आणि सगळे स्वर डाव्या हातालाच आहेत आणि मी त्यांनाही डावाच शिफ्ट दाबतेय. आता "आणि" हा शब्द घ्या. आ, ण, ऱ्हस्व वेलांटी, तिन्ही डावीकडे, दोनदा शिफ्ट तोही डावा. म्हणजे पूर्ण शब्द एकटा डावा हात टाइप करतोय, करंगळी कोपऱ्यात ताणलेली, मनगट बाहेर वळलेलं, आणि उजवा हात नुसता बघतोय. मराठीत "आणि" दिवसातून किती वेळा येतं याचा विचारच करवत नाही.


रेमिंग्टन४० | मंगळवार, सायंकाळी ६:२५

बेटा, मी मंत्रालयात टंकलेखक म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत टायपिंगच केलं, म्हणून दोन शब्द सांगतो. आमच्या वेळी दादरला टायपिंगच्या क्लासमध्ये मास्तर मनगटाच्या मागे चार आण्याचं नाणं ठेवायचे आणि ते पडू न देता ओळ पूर्ण करायची. मनगट कशालाही टेकवायचं नाही, बोटं वरून पडली पाहिजेत. आणि उजव्या हाताच्या कळीला डावा शिफ्ट, डाव्या हाताच्या कळीला उजवा शिफ्ट हा पहिल्या आठवड्याचा धडा. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा त्याशिवाय सुटतच नसे. आता बहुतेक मंडळी स्वतःच्या स्वतः कॉम्प्युटरवर शिकतात त्यामुळे हे कुणी सांगतच नाही.

दुसरं असं की मशीनवर ओळ संपली की डाव्या हाताने कॅरेज ढकलावं लागे, पान संपलं की कागद काढा, कार्बन लावा, नवा चढवा, खोडायला रबर घ्या. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं की तेवढ्या वेळात हात दुसरी हालचाल करत होते, खांदा मोकळा होत होता. कॉम्प्युटरवर माणूस तासन् तास एकाच अवस्थेत बोटं चालवतो, थांबवायला काहीच नाही. कळा मात्र मशीनच्या फार जड होत्या. त्याची सवय म्हणून मी कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरही तेवढ्याच जोरात मारायचो, माझी दोन बोटं अजून आखडतात थंडीत. या कळांना नुसता स्पर्श पुरतो, हळू मारा.


हातगुण | मंगळवार, रात्री ९:५०

रेमिंग्टन काका, तुमच्या प्रतिसादाला नमस्कार. तुम्ही जे कागद बदलण्याचं लिहिलंत तेच आम्ही आता पेशंटना गजर लावून करायला सांगतो. दर वीस-तीस मिनिटांनी अर्धा-एक मिनिट हात कीबोर्डवरून पूर्ण काढायचे, मांडीवर सैल सोडायचे, खांदे मागे फिरवायचे. तासाभराने उठून पाणी आणायचं. दोन तास सलग करून मग पंधरा मिनिटं आराम यापेक्षा हे छोटे तुकडे जास्त उपयोगी, कारण ताणून धरलेल्या स्नायूला रक्त कमी पोचतं आणि त्याला मध्ये मध्ये सोडलं की ते पोचतं. वर्करेव्ह आणि स्ट्रेचली अशी दोन फुकट सॉफ्टवेअर आहेत, ती आठवण करून देतात.

हा आजार काही कॉम्प्युटरने आणलेला नाही. रामाझिनी म्हणून इटलीचे डॉक्टर होते, त्यांनी १७१३ मध्ये कारकून आणि लेखनिकांबद्दल लिहून ठेवलंय की यांच्या दुखण्याची कारणं तीन, सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चुकू नये म्हणून मनावरचा ताण. तिसरं कारण आजही सगळे विसरतात. डेडलाइनच्या आठवड्यात दुखणं वाढतं ते नुसते तास वाढले म्हणून नाही, आपण खांदे आवळून बसतो म्हणून पण.


आमसूल | बुधवार, सकाळी ११:२०

मी अंधेरीला एका बॅक ऑफिसमध्ये आहे, आमचा क्लायंट यूकेचा. तिकडे १९९२ चा कायदाच आहे की स्क्रीनवर काम करणाऱ्याच्या जागेची मालकाने तपासणी करायची. आमच्याकडे त्यांच्या फॉर्मचं भाषांतर आलं, आम्ही सगळ्यांनी "हो हो हो" टिक करून दिलं आणि विषय संपला. मी एचआरला सांगितलं की माझ्या खुर्चीचे हात टेबलाला आपटतात म्हणून मला पुढे सरकता येत नाही, हात लांब करून टाइप करावं लागतं, तर उत्तर आलं की सगळ्यांना सारख्याच खुर्च्या आहेत. सगळ्यांना सारख्या हाच तर प्रॉब्लेम आहे ना! आमच्या टीममध्ये एक साडेचार फुटाची आहे आणि एक सहा फूट.


लालबागकर | बुधवार, सकाळी ११:४५

आमसूल, खुर्ची उलटी करून बघा, हात बहुतेक खालून तीन-तीन बोल्टांवर असतात, षटकोनी चावीने निघतात. मी ऑफिसबॉयच्या मदतीने माझे काढले. खुर्ची पोटापर्यंत आत जाते आता. बोल्ट डब्यात जपून ठेवा म्हणजे कुणी ओरडलं तर परत लावता येतील.


पागोळी | बुधवार, दुपारी २:०५

मला वाटतं आपण फार कौतुक करतोय दुखण्याचं. सगळ्यांचंच दुखतं. हाताला ताकद नसते म्हणून होतं. स्पंजचा बॉल नाहीतर हॅंड ग्रिपर घ्या, रोज शंभर वेळा दाबा, महिनाभरात ठीक. आमच्या सासूबाईंनी जन्मभर दहा माणसांची कणीक मळली, त्यांना काही झालं नाही.


निळीशाई | बुधवार, दुपारी २:५०

पागोळी, राग मानू नका पण "सगळ्यांचंच दुखतं" या वाक्यानेच माझे चार-पाच महिने गेले. आणि तुमच्या सासूबाईंना कुणी कधी विचारलं होतं का हो? माझ्या आईला विचारलं मी, परवाच. ती म्हणाली रात्री हात बधीर व्हायचे, तीस वर्षं. कुणाला सांगितलंस? तर म्हणे त्यात काय सांगायचं.

बॉल मी पण दाबला होता, मुंग्या वाढल्या.


हातगुण | बुधवार, रात्री १०:१५

पागोळी, तुमचा हेतू चांगला आहे पण सूज असताना ग्रिपर नको. आधीच थकलेल्या त्याच स्नायूंना आपण परत तेच काम देतो. ताकदीचे व्यायाम नंतर येतात, दुखणं उतरल्यावर, आणि ते खांदा आणि पाठीपासून सुरू होतात.

पण कणकेचा विषय काढलात ते फार बरं झालं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या हाताची ड्यूटी ऑफिस सुटल्यावर संपत नाही. आठ तास कीबोर्ड आणि मग घरी जाऊन कणीक, नारळ खवणं, पोळ्या, कपडे पिळणं. मनगटाला हे वेगळं आणि ते वेगळं असं काही कळत नाही, त्याच्या हिशोबात सगळं एकच. दुखणं आहे तोवर कणीक दुसऱ्या कुणीतरी मळावी, घरात पुरुष असेल तर त्याने मळावी, हे मी प्रिस्क्रिप्शनसारखं लिहून देते. कपडे दोन्ही हातांनी उलटसुलट पिळू नका, नळाला अडकवून एकाच दिशेने पीळ द्या किंवा नुसते दाबून निथळत ठेवा. भरलेलं पातेलं एका हाताने उचलू नका, दोन्ही तळव्यांवर घ्या. लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर लटकवू नका.

कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलंय की खाजगीत परवडत नाही तर कुठे जायचं. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्या तिन्ही हॉस्पिटलांत ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीचे विभाग आहेत. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा केईएममध्येच १९५० साली कमलाबाई निंबकरांनी सुरू केली, आपल्या मुंबईची ही मोठी गोष्ट आहे आणि परळवरून रोज जाणाऱ्यांनाही ती माहीत नसते. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथेही जाता येईल. रांग असते, सकाळी लवकर जा, आणि तो बाजूने काढलेला फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.


आमसूल | गुरुवार, सकाळी ९:३०

खुर्चीचे हात निघाले!! सहा बोल्ट. पहिल्यांदा पाठ टेकवून टाइप करतेय.

एक विचारायचं होतं, उभं राहून काम करायची टेबलं येतात ती चांगली का? घरी मी कधी कधी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने करते.


हातगुण | गुरुवार, दुपारी १:१०

अधूनमधून चांगलं, दिवसभर नको. दिवसभर उभं राहिलं की पाय सुजतात, कंबर धरते. ओटा साधारण ३२-३३ इंच असतो, तो उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा बराच खाली येतो, म्हणून कीबोर्डखाली खोकं घालून तो कोपराच्या उंचीला आणा. नियम तोच, उभे असा नाहीतर बसलेले, आधी कोपर मोजायचं आणि मग फर्निचर. आणि तुम्ही बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावत असाल तर स्क्रीन डोळ्याच्या रेषेपेक्षा थोडी खाली ठेवा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसाल आणि मान आखडेल.


निळीशाई | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ५:२०

सगळ्यांना सांगायचं होतं म्हणून धागा वर काढतेय.

रेमिंग्टन काका, तुमचा धडा गिरवला. पहिले पाच-सहा दिवस उजवा शिफ्ट आठवायचाच नाही, स्पीड निम्म्यावर आला, एका कामाला उशीर झाला आणि समोरच्या माणसाला खरं कारण सांगितलं, त्याने दोन दिवस वाढवून दिले. हे आधीही मागता आलं असतं. मग डाव्या शिफ्टवर मुलीने लाल टिकली चिकटवली, "आणि" आणि ण आला की बोट तिथे गेल्यावर खडबडीत लागायचं आणि आठवायचं. आता बोटं आपोआप जातात. करंगळीची ओढ संध्याकाळी थोडी असते, सकाळी नसते.

दुसरं, पहिला कच्चा मजकूर आता बोलून घेते. गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगला मराठी आहे, कानात रेकॉर्डिंग ऐकायचं आणि आपण स्पष्ट आवाजात म्हणत जायचं. विरामचिन्हं हातानेच घालावी लागतात, ळ आणि ल चा गोंधळ होतो, मालवणी बोलणारे पाहुणे असले तर फारच सुधारावं लागतं. पण माझ्या हाताचं काम निम्म्याहून कमी झालंय. घसा बसतो म्हणून दोन तासांच्या वर करत नाही.

कणीक नवरा मळतो. पहिल्या दिवशी सैल झाली होती, आता छान येते.

आईला घेऊन केईएमला गेले होते गुरुवारी. साडेसातला रांगेत, साडेअकराला नंबर. तिला रात्रीचा स्प्लिंट दिलाय आणि थायरॉइड तपासायला सांगितलंय. तीन रात्री झाल्या, काल म्हणाली मध्ये उठलेच नाही.

आणि सुतारकाकांना अजून एक काम दिलंय, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचं. ती चौथीत आहे, आत्तापर्यंत डायनिंग टेबलावर हनुवटी टेकवून लिहायची. काल तिला खुर्चीवर बसवून माप घेतलं, कोपर साडेएकोणीस इंच. काकांनी या वेळी काही विचारलं नाही, म्हणाले पाय सरकवता येतील असे करतो, पोर वाढेल तसं टेबल वर घ्या.